गव्हर्नर निवडून येतो तेव्हा

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी प्रश्न विचारला, "अमेरिकेतील घटकराज्याच्या गव्हर्नरची नेमणूक कोण करतो?" मी ताडकन उभा राहून म्हणालो, "राष्ट्राध्यक्ष!" वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक तुझी नाही, शब्दाची आहे. आपण गव्हर्नर म्हणजे राज्यपाल असे पाठ केलेले असते. तिथे गव्हर्नर कोणी नेमत नाही. जा, ग्रंथालयात शोध."

मी शोधू लागलो आणि त्यात गुंतलो. त्याला घरचेही एक कारण होते. २०१७ साली आपल्या राज्यात सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला आणि आमच्या थोरल्या काकू अशा रीतीने सरपंच झाल्या. काकू सातवी शिकलेल्या. सबंध गावाने त्यांना निवडून दिले, पण सदस्यांत बहुमत आले दुसऱ्या गटाचे. मग काकूंनी ठराव मांडायचा आणि सदस्यांनी तो पाडायचा, अशी पाच वर्षे गेली. मधल्या काळात, २०२० साली, हा कायदा रद्द झाला आणि २०२२ साली पुन्हा आला. तेव्हापासून आमच्या ओसरीवर वाद चालतो : कारभारी सगळ्यांनी मिळून निवडावा, की निवडून आलेल्या सदस्यांनी? हाच वाद दूर देशी लोकांनी कसा मिटवला, हे मला पाहायचे होते.

अमेरिकेची पन्नास राज्ये एकदम आवाक्यात येईनात, म्हणून एक लहानसे राज्य घेतले. ते व्हरमाँट. हे राज्य ईशान्येला कॅनडाच्या सीमेला लागून आहे. २०२० च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. म्हणजे २०११ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची होती त्याहूनही कमी. राजधानी माँटपेलियर. तिची वस्ती सुमारे आठ हजार. आमच्या तालुक्याचे गाव त्याहून मोठे आहे!

या एवढ्याशा राज्यात सबंध राज्याचे मतदार सहा कार्यकारी पदे थेट मतदानाने भरतात. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, ट्रेझरर म्हणजे खजिनदार, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ऑडिटर आणि ॲटर्नी जनरल. सेक्रेटरी ऑफ स्टेट हे नाव ऐकून परराष्ट्रमंत्री डोळ्यांपुढे येतो, पण राज्यातला हा अधिकारी निवडणुका घेतो आणि सरकारी दप्तर सांभाळतो. सहाही पदांची मुदत फक्त दोन वर्षे. १८७० पर्यंत तर गव्हर्नरची निवडणूक दरवर्षी होत असे! गव्हर्नरची दोन वर्षांची मुदत आज व्हरमाँट आणि शेजारचे न्यू हॅम्पशायर या दोनच राज्यांत उरली आहे.

आपल्याकडे मुख्यमंत्री आपले मंत्री निवडतो. तिथे खजिनदार किंवा ॲटर्नी जनरल गव्हर्नरच्या मर्जीतला असण्याचे कारण नाही. तो दुसऱ्या पक्षाचाही असतो. मतपत्रिकेवर सहा पदांचे सहा रकाने. मतदार एका रकान्यात एका पक्षाला आणि खालच्या रकान्यात दुसऱ्या पक्षाला मत देतो, आणि हे तो सर्रास करतो. २०२० साली व्हरमाँटमध्ये अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बायडन यांना सुमारे ६६ टक्के मते पडली, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी गव्हर्नर म्हणून रिपब्लिकन पक्षाच्या फिल स्कॉट यांना सुमारे ६८ टक्के मते दिली. स्वतः स्कॉट यांनीही आपण बायडन यांना मत दिल्याचे जाहीर सांगितले. आपल्याकडे एखाद्या मुख्यमंत्र्याने असे काही सांगितले असते तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मला सर्वांत आवडले ते ऑडिटरचे पद. सरकारचे हिशेब तपासणारा माणूस सरकारने नेमू नये, तो लोकांनी निवडावा, ही कल्पना मोठी रास्त वाटते. आपल्याकडे नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांना सहजी काढता येणार नाही अशी तरतूद करून त्यांचे स्वातंत्र्य राखतात. तिथे तेच काम मतपेटीवर सोपवले आहे. २००६ साली या पदासाठी मोठी चुरस झाली. पदावर असलेले रँडी ब्रॉक हे पहिल्या मोजणीत १३७ मतांनी पुढे होते. टॉमस सॅल्मन यांनी फेरमोजणी मागितली. डिसेंबरपर्यंत मोजणी चालली आणि शेवटी सॅल्मन १०२ मतांनी विजयी ठरले! सुमारे अडीच लाख लोकांनी मतदान केलेल्या निवडणुकीत १०२ मते म्हणजे आमच्या गावातली एक आळी. पुढची मौज अशी की, डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले हे सॅल्मन २००९ साली रिपब्लिकन पक्षात गेले. पक्षांतर हा काही आपलाच मक्ता नव्हे.

लेफ्टनंट गव्हर्नरही स्वतंत्रपणे निवडला जातो. याचा परिणाम १९९१ च्या ऑगस्टमध्ये दिसला. गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग अकस्मात वारले. ते रिपब्लिकन, आणि लेफ्टनंट गव्हर्नर हॉवर्ड डीन डेमोक्रॅट. डीन पेशाने डॉक्टर. ते आपल्या दवाखान्यात रोगी तपासत असतानाच निरोप आला की, आता तुम्ही गव्हर्नर. एका क्षणात राज्याचा कारभार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेला, आणि कोणी आमदार फोडावे लागले नाहीत. लोकांनी पुढे डीन यांना पाच वेळा निवडून दिले.

एवढे वाचल्यावर मला वाटले, काकूंची बाजू जिंकली. पण व्हरमाँटच्या राज्यघटनेत एक मेख आहे. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि खजिनदार या तीन पदांसाठी उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते मिळाली पाहिजेत. नुसते पहिले येऊन भागत नाही. तशी मते कोणालाच मिळाली नाहीत, तर विधिमंडळाची दोन्ही सभागृहे एकत्र बसतात आणि पहिल्या तीन उमेदवारांतून गुप्त मतदानाने एकाची निवड करतात. म्हणजे निवड फिरून सदस्यांच्याच हाती! आमच्या ओसरीवरचे दोन्ही पक्ष या घटनेत एकाच कलमाखाली नांदतात.

अशी वेळ वरचेवर येते. १९८६ साली गव्हर्नर मॅडलिन क्युनिन यांना सुमारे ४७ टक्केच मते पडली, कारण बर्लिंग्टन शहराचे तेव्हाचे महापौर बर्नी सँडर्स हे अपक्ष उभे होते आणि त्यांनी १४ टक्के मते खाल्ली. विधिमंडळाने क्युनिन यांनाच निवडले. क्युनिन या व्हरमाँटच्या पहिल्या महिला गव्हर्नर, जन्म स्वित्झर्लंडमधला. २०१४ साली पीटर शम्लिन यांना स्कॉट मिल्न यांच्यावर अडीच हजारांहूनही कमी मतांची आघाडी होती आणि निम्मी मते दोघांनाही नव्हती. मिल्न यांचे म्हणणे असे पडले की, प्रत्येक आमदाराने आपापल्या मतदारसंघाचा कौल पाहावा, राज्याचा नव्हे. २०१५ च्या जानेवारीत मतदान झाले आणि शम्लिन ११० विरुद्ध ६९ मतांनी निवडले गेले.

आमदारांनी पहिल्या क्रमांकाच्याच उमेदवाराला निवडावे असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही. तो केवळ रिवाज आहे, आणि रिवाज मोडतोही. १८५३ साली सर्वाधिक मते एरॅस्टस फेअरबँक्स यांना होती; विधिमंडळाने दुसरे आलेले जॉन रॉबिन्सन यांना गव्हर्नर केले. १९७६ च्या निवडणुकीनंतर लेफ्टनंट गव्हर्नरपदी दुसऱ्या क्रमांकाचे गॅरी बक्ली बसले. त्यानंतर मात्र तसे घडलेले नाही. २०२४ साली लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन जॉन रॉजर्स पहिले आले, पण निम्म्याला पोचले नाहीत. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचे होते आणि पराभूत डेव्हिड झुकरमन त्यांच्याच बाजूचे, शिवाय पदावर असलेले. मतदान गुप्त. तरीही २०२५ च्या जानेवारीत सभागृहाने रॉजर्स यांनाच निवडले.

हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. कायद्याने अडवलेले नाही, चिठ्ठी गुप्त आहे, बहुमत आपले आहे, आणि तरीही समोरच्याचा माणूस पदावर बसवायचा! आमच्या पंचायतीत काकूंचा पाण्याच्या टाकीचा ठराव तीनदा पडला. टाकी नको असे कोणाचेच म्हणणे नव्हते. ती काकूंच्या कारकिर्दीत नको एवढेच होते.

अर्थात तिथले सारेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांच्या मुदतीत पहिले वर्ष काम शिकण्यात आणि दुसरे प्रचारात जाते, हा आक्षेप मला पटतो. शिवाय सहा जण सहा दिशांना ओढू लागले तर जाब कोणाला विचारावा हेही कळेनासे होते. एक गंमत सांगायची राहिली. गव्हर्नर होण्यासाठी राज्यात चार वर्षांचे वास्तव्य हवे असे घटना सांगते, पण वयाची अट घालायला ती विसरली. त्यामुळे २०१८ साली १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभा राहिला होता. तो हरला. मी १९ वर्षांचा आहे आणि आपल्याकडे आमदारकीसाठीसुद्धा मला अजून सहा वर्षे थांबावे लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा हे सारे काकूंना सांगितले. त्या भाकरी थापत ऐकत होत्या. गव्हर्नर, खजिनदार, घटनेचे कलम यांवर त्या काहीच बोलल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "आरं, पन त्यो एकशेदोन मतांनी पडला, त्या बिचाऱ्याचं फुडं काय झालं?"

मला तेव्हा ठाऊक नव्हते. परत आल्यावर शोधले आणि फोन करून सांगितले : काकू, ब्रॉक घरी बसले नाहीत. २०१२ साली ते गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि पुन्हा पडले. नंतर राज्याच्या सिनेटवर निवडून आले.

"मंजी हुबा राहिला पुन्यांदा," काकू म्हणाल्या, आणि टाकीच्या कामाचे सांगू लागल्या.