पोळ्याला तहसील बंद, पोस्ट सुरू, असे का? समजून घ्या सुट्ट्यांचे गणित

जिल्हाधिकाऱ्यांनी पोळ्याला किंवा दुसऱ्या दिवशी मारबतीला स्थानिक सुट्टी दिली, की गोंदियातील तहसील कार्यालयाला कुलूप लागते. दाखल्यासाठी गावाहून आलेल्यांची फेरी वाया जाते. त्याच दिवशी बँक आणि पोस्ट मात्र सुरू असते.

कारण गावातल्या सगळ्या सरकारी सुट्ट्या एकाच ठिकाणी ठरत नाहीत. राज्य सरकार वर्षाची यादी जाहीर करते ती 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम 25 खाली. हा कायदा मुळात हुंडी आणि चेकचा, म्हणून ही यादी बँकांनाही लागू होते. भाऊबीजेची सुट्टी राज्य सरकार अलीकडे वेगळी देते. ती फक्त राज्य शासनाच्या कार्यालयांना, बँकांना नाही.

पोळा राज्याच्या यादीत नाही. तो येतो जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात. त्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. मात्र न्यायालये आणि बँकांना त्या लागू नसतात.

रेल्वे, टपाल ही केंद्राची खाती. दिल्लीबाहेरील केंद्रीय कार्यालयांना 14 सुट्ट्या ठरलेल्या, आणखी तीन 12 सणांतून निवडलेल्या. त्या 12 मध्ये होळी, गणेश चतुर्थी, ओणम आहेत, पोळा नाही. शिवाय प्रत्येक कर्मचाऱ्याला दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात. त्या यादीतही पोळा नसला, तर घरची बैलजोडी सजवायला पोस्टातल्या बाबूला किरकोळ रजाच टाकावी लागते. गोंदिया जंक्शनवरच्या पाळीवाल्यांना तर दिवाळीही ड्युटीवरच.

महाराष्ट्र दिनाचेही तसेच. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेल्या गोंदिया जिल्ह्याचा तो वाढदिवसही, पण केंद्राच्या 14 च्या यादीत तो नाही.

ऐच्छिक सुट्टीचा मार्ग संयुक्त राष्ट्रांनाही धरावा लागला. जगभरच्या कर्मचाऱ्यांचे सगळे सण एका यादीत बसणार कसे? महासभेने डिसेंबर 2014 च्या ठरावात दिवाळीची दखल घेतली आणि त्या दिवशी बैठका टाळाव्यात, असे सुचवले. तिथल्या कर्मचाऱ्याला दिवाळी ऐच्छिक सुट्टी म्हणून घेता येते.

पोळ्याच्या सुमारास तहसीलचे काम असेल, तर निघण्याआधी जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर स्थानिक सुट्ट्यांचा आदेश पाहावा. बँकेसाठी मात्र राज्याची यादी बघावी; दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती बंदच असते.