हिंदू जिमखाना आणि यष्टीमागचे हिंदळेकर

जालना जिल्ह्यातल्या वाटूर फाट्यावरून परतूर स्टेशन गाठायचं आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची. सकाळी मुंबईत सीएसएमटीला उतरता येतं. तिथून मेट्रो सिनेमावरून मरीन लाइन्सकडे चालत निघा. समुद्रालगतचा रस्ता आणि लोकलचे रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पारशी, इस्लाम, हिंदू असे जिमखाने एका रांगेत लागतात. धर्मावर वाटलेली मैदानं आज डोळ्यांना खुपतात. पण मुंबईचं क्रिकेट इथेच पोसलं गेलं.

परमानंददास जीवनदास यांच्या नावाचा हिंदू जिमखाना १८९४ सालचा. धर्मवार संघांचे चौरंगी सामने बहुतेकदा भरत बॉम्बे जिमखान्यावर, १९३७पासून पंचरंगी ब्रेबर्नवर. हिंदू संघाच्या नाड्या मात्र या जिमखान्याच्या हाती. पळवणकर बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, तरी जातीमुळे कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.  

याच हिंदू संघाचे यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर. जन्म १९०९, रत्नागिरीचा. नोकरी मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, तुटपुंज्या पगाराची. फलंदाजीला उभे राहिले की डाव्या पायाचा चवडा वर उचललेला. दिसायला विचित्र, पण याच पवित्र्यात ते १९३६मध्ये लॉर्ड्सवर विजय मर्चंटबरोबर सलामीला गेले. पहिल्या डावात त्यांच्या २६ धावा, दुसऱ्यात १७. त्या डावात सारा संघच ९३मध्ये आटोपला होता. बोटाचं हाड दुखावलं, नजरही धूसर झाली, आणि मँचेस्टरची कसोटी हुकली. तिथे सलामीला मर्चंटबरोबर मुश्ताक अली गेले आणि दोघांनी २०३ धावांची भागी केली. क्रिकेटमध्ये एकाचं दुखणं दुसऱ्याचं नशीब उघडतं, ते असं.

मग महायुद्ध. पुढची कसोटी थेट १९४६मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. मँचेस्टरला भारताचे नऊ गडी बाद, आणि अकराव्या क्रमांकावर हिंदळेकर. रंगा सोहोनींसोबत त्यांनी शेवटची १३ मिनिटं खेळून काढली आणि सामना वाचवला. माझ्या लेखी त्यांची सर्वांत मोठी खेळी हीच, धावफलकात तिचं मोल दिसत नसलं तरी.

कसोट्या झाल्या चार. पंचरंगीला हजारोंची गर्दी तिकीट काढून येई, पण तो पैसा खेळाडूच्या घरापर्यंत पोचत नसे. वेळेवर नीट उपचार न मिळाल्याने हिंदळेकर ३० मार्च १९४९ रोजी मुंबईत वारले. वय अवघं चाळीस. त्यांचा भाचा विजय मांजरेकर तेव्हा सतरा वर्षांचा होता. पावणेतीन वर्षांनी तोही कसोटी खेळला.