गाव सुटले, जामीनदार कोठून आणावा?

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे आरोपी तुरुंगाबाहेर आला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती पुष्कळदा खरी ठरत नाही. जामिनाचा हुकूम आणि तुरुंगाचा दरवाजा यांच्यामध्ये जामीनदार नावाचा एक मनुष्य उभा राहावा लागतो. त्याच्यापाशी ऐपतीचा पुरावा हवा. शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, सातबाराचा उतारा किंवा पगाराचा दाखला हवा. आणि तो स्थानिक असावा, अशी बहुधा अपेक्षा असते. ज्याचे घर, शेत आणि भाऊबंद हजार किलोमीटर दूर आहेत, त्या मजुराने असा मनुष्य कोठून आणावा?

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ कोटी माणसे स्थलांतरित होती. त्यांत विवाहामुळे गाव सोडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी आहे, हे खरे. परंतु पोटासाठी परमुलखात गेलेल्यांची संख्याही कोट्यवधींच्या घरात जाते. मुंबई-ठाण्याच्या इमारती उभारणारा बिहारचा मजूर आणि ऊसतोडीसाठी कर्नाटकात जाणारा बीड जिल्ह्यातील कामगार यांची स्थिती या बाबतीत एकच. चोरीच्या संशयावरून अथवा एखाद्या मारामारीत दोघांपैकी कोणालाही अटक झाली, तर त्याला ओळखणारे सहकारी त्याच्याइतकेच निर्धन आणि त्याच्याइतकेच परके असतात.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न १९७८ मध्येच आला होता. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला त्या न्यायालयाने जामीन दिला. दंडाधिकाऱ्यांनी मात्र दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ पुढे आला तेव्हा भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, या कारणास्तव त्याला नाकारले. न्या. कृष्ण अय्यर यांनी ही भूमिका अमान्य केली. नागरिक आपल्याच देशात परका कसा ठरू शकतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. मोतीरामची सुटका अखेर एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर झाली. पुढील वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना देशासमोर आली, आणि आरोपीची मुळे समाजात रुजलेली असतील तर जातमुचलका पुरेसा मानावा, असे तत्त्व न्यायालयाने मांडले.

तत्त्व मान्य झाले; व्यवहार मात्र फारसा हलला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षअखेर तुरुंगांत असलेल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार, म्हणजे शेकडा ७५ हून अधिक, कच्चे कैदी होते. ते सर्वच जामीनदाराअभावी अडकले होते असे नव्हे. परंतु जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा एकदा सांगावे लागले की, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे आणि अशा प्रकरणांत ती अट न्यायालयांनी घालू नये. पंचेचाळीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागते, यातच सारे आले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता जामीनदाराची अट हा स्थलांतरावरील एक अदृश्य कर आहे. जो गावातच राहिला त्याला तो भरावा लागत नाही. श्रमाच्या बाजारपेठेत जेथे मागणी आहे तेथे जो गेला, त्याला तो भरावा लागतो. तुरुंगातील प्रत्येक दिवसाची मजुरी बुडते, खोलीचे भाडे थकते आणि गावी जाणारी रक्कम बंद पडून घरचे कर्ज वाढते. जेथे गरज आहे आणि कायदेशीर पुरवठा नाही, तेथे चोरबाजार उभा राहणारच. पैसे घेऊन कोणालाही जामीन राहणाऱ्या भाडोत्री जामीनदारांचा धंदा याच टंचाईवर पोसला जातो. किरकोळ गुन्ह्यात तर खटला लढवत आत राहण्यापेक्षा गुन्हा कबूल करून लवकर सुटणे आरोपीला परवडते. निरपराध मनुष्यासही अपराध कबूल करणे फायद्याचे वाटावे, याहून न्यायाचे मोठे अपयश कोणते?

यावर आक्षेप असा की, परमुलखातील आरोपी एकदा सुटला की पळून जाईल. मग फिर्यादीने न्याय कोणाकडे मागावा? हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु भाडोत्री जामीनदार आरोपीला ओळखतही नसतो. तो त्याला तारखेला हजर कसा ठेवणार? उलट आरोपी किती वर्षे येथे काम करतो, मुले कोणत्या शाळेत जातात, मालक वा कामगार संघटना त्याला ओळखते काय, याची चौकशी करून ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरीची अट घालणे अधिक खात्रीचे ठरेल. आणि जो पळेल त्याचा जामीन रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये निर्धन कैद्यांसाठी योजना आणली. ती आली तेव्हा तीनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकत होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, काही गंभीर गुन्हे आणि अनेक खटल्यांचे अपवाद वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कैदेत काढल्यास त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि पैशाने जामिनाची रक्कम भरता येते, ओळख विकत घेता येत नाही. आणि एकतृतीयांश शिक्षा भोगून मिळणारे स्वातंत्र्य हे उशिराचेच स्वातंत्र्य होय.

पगाराचा दाखला हाती असलेला कारकून अथवा शिक्षक न्यायालयात विश्वासार्ह ठरतो. कारण त्याचा पत्ता कायम असतो. ज्याच्या श्रमावर आपली शहरे उभी आहेत त्याचा पत्ता कायम नाही, हा त्याचा गुन्हा नव्हे. संविधानाने देशात कोठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो हक्क कचेरीच्या दारात सातबाराचा उतारा मागून परत घेतला जाणार असेल, तर त्याचा उपभोग फक्त जमीनदार आणि पगारदारच घेऊ शकतील.