आता करू की नंतर?

मुलांनो, समजा तुम्ही लॅपटॉपवर शाळेच्या प्रकल्पासाठी चित्रे शोधत बसला आहात. ताई मागे उभी राहून "झालं का? झालं का?" करते आहे. आणि तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उमटते : 'तुमच्या लॅपटॉपसाठी नवे फर्मवेअर आले आहे. आता बसवायचे की नंतर?'

तुम्ही काय कराल?

माझ्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला. निम्मी मुले म्हणाली, "नंतर!" काही म्हणाली, "आता!" आणि शेवटच्या बाकावरून एक उत्तर आले, "बाई, जे बटण मोठं असतं ते दाबायचं!"

हसू नका हं! मोठी माणसेही पुष्कळदा हेच करतात. एरवी त्याने फारसे बिघडतही नाही. एखादा खेळ किंवा चित्र काढायचा प्रोग्राम अपडेट करताना बिनसला तर तो काढून पुन्हा टाकता येतो. पण फर्मवेअरची गोष्ट वेगळी. तिथे बिनसले तर लॅपटॉप चालूच होत नाही. मग बाबांची कामाची कागदपत्रे, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो, ताईच्या नोट्स, सगळे त्या बंद डब्यात अडकून पडते. म्हणून या चौकटीसमोर जरा थांबायचे.

आधी फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. शाळेत सकाळी सर्वांच्या आधी कोण येते? शिपाईकाका. ते फाटक उघडतात, वर्गांची कुलपे काढतात, पाण्याची टाकी भरली आहे का ते बघतात. मग मुख्याध्यापक येतात आणि शाळेचा कारभार सुरू होतो. (आमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळेत गुरुजीच शिपाई आणि गुरुजीच मुख्याध्यापक, तो भाग निराळा!) लॅपटॉपमधले मुख्याध्यापक म्हणजे विंडोजसारखी कार्यप्रणाली, आणि शिपाईकाका म्हणजे फर्मवेअर. तुम्ही बटण दाबले की सर्वांत आधी तेच जागे होते. कीबोर्ड आहे का, मेमरी ठीक आहे का, डिस्क सापडते का, हे तपासते आणि मग कारभार विंडोजच्या हाती देते. दुरुस्तीच्या दुकानात याला अजून 'बायोस' म्हणतात. नव्या लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी 'यूईएफआय' नावाचा सुधारलेला प्रकार असतो, पण जुने नाव काही सुटत नाही.

आता विचार करा, शिपाईकाकांकडून किल्ल्यांचा जुडगाच हरवला तर? मुख्याध्यापक हुशार, शिक्षक हुशार, मुले तर हुशार आहेतच, पण सगळे फाटकाबाहेर!

या सूचना मदरबोर्डवरच्या एका नखाएवढ्या चिपमध्ये लिहिलेल्या असतात. १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा ही चिप फक्त वाचता येणारी होती. दगडावर कोरलेल्या शिलालेखासारखी. सूचना बदलायच्या तर चिपच बदलावी लागे. पुढे 'फ्लॅश' प्रकारच्या चिपा आल्या. त्यांच्यावरचे पुसून नवे लिहिता येते, पाटीसारखे. सोय झाली, पण पाटी आली तिथे पुसणाराही आला.

२६ एप्रिल १९९९ रोजी जगाला हे फार वाईट रीतीने कळले. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने आदल्या वर्षी लिहिलेला 'सीआयएच' हा विषाणू त्या दिवशी जगभरच्या संगणकांत जागा झाला. १९८६ साली याच तारखेला चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रात भयंकर अपघात झाला होता, म्हणून लोकांनी त्याला 'चेर्नोबिल' असेही नाव दिले. तो डिस्कवरची माहिती तर खराब करीच, शिवाय काही संगणकांच्या बायोसच्या चिपवर वाटेल ते खरडून ठेवी. असे संगणक बटण दाबल्यावर नुसते काळे तोंड करून बसले. चिप बदलल्याशिवाय किंवा खास यंत्रावर पुन्हा लिहून घेतल्याशिवाय ते उठले नाहीत.

हा झाला दुष्टपणा. पण कंपनीने चांगल्या हेतूने पाठवलेले अपडेटही त्याच पाटीवर लिहिले जाते. जुने पुसले, नवे अर्धे लिहून झाले आणि मध्येच वीज गेली, तर काय उरेल? अर्धवट पाटी. आणि वीज गेली नाही, सगळे नीट लिहून झाले, तरी लिहिलेलाच मजकूर चुकीचा असला तर?

तसेही घडले आहे. ही हकीकत जरा सविस्तर सांगते.

३ जानेवारी २०१८ रोजी प्रोसेसरमधल्या दोन मोठ्या उणिवा जगजाहीर झाल्या. त्यांची नावे 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर'. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. गूगलच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या शोधल्या होत्या. उणीव कसली, तर घाईची! एस. टी. स्टँडवरच्या चहावाल्याचे उदाहरण घ्या. रोज सातच्या गाडीचे कंडक्टर दिसले की तो न विचारताच बिनसाखरेचा चहा कपात ओततो. अंदाज बरोबर ठरला तर वेळ वाचला. चुकला तर चहा टाकून दिला. प्रोसेसरही असाच पुढच्या कामाचा अंदाज बांधून ते आधीच करून ठेवतो, आणि अंदाज चुकला तर टाकून देतो. म्हणून तर तो एवढा वेगवान! पण टाकून दिलेल्या चहाचा ओला डाग टेबलावर राहतो ना? तो डाग बघून एखाद्या चलाख माणसाला ओळखता येते, की मघाशी कपात काय होते. स्पेक्टरमध्ये नेमके हेच होते. टाकून दिलेल्या कामाच्या खुणांवरून पासवर्डसारखी गुप्त माहिती ओळखता येण्याची शक्यता होती.

साहजिकच धावपळ उडाली. इंटेल कंपनीने प्रोसेसरसाठी नव्या सूचना तयार केल्या. लॅपटॉप कंपन्यांनी त्या आपापल्या बायोसमध्ये घालून लोकांना पाठवल्या. 'सुरक्षेसाठी ताबडतोब बसवा!' अशी हाक होती. पुष्कळांनी बसवल्या. आणि काही लॅपटॉप काम करता करता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले! 'हॅसवेल' आणि 'ब्रॉडवेल' या नावांच्या प्रोसेसरवर ही तक्रार आधी दिसली, मग इतरही काहींवर दिसली. अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलनेच सांगितले, की ही आवृत्ती बसवणे थांबवा. डेल, एचपी यांसारख्या कंपन्यांनी आपले नवे बायोस मागे घेतले. सुधारलेल्या सूचना फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने आल्या.

म्हणजे पाहा, ३ जानेवारी ते २२ जानेवारी. एकोणीस दिवसांत सल्ला 'बसवा'वरून 'थांबा'वर आला. त्या जानेवारीत स्पेक्टरच्या या प्रकाराने कोणावर हल्ला झाल्याची नोंद नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. तेव्हा जे तीन आठवडे थांबले, त्यांचे फारसे नुकसान झाले नाही, आणि मनस्ताप मात्र वाचला. पण जे 'हे नकोच' म्हणून कायमचे थांबले, त्यांचे दार मात्र उघडेच राहिले.

"मग आमचे बाबा म्हणतात तेच खरं! चालतंय ना नीट, मग हात लावू नका!" असे तुमच्यापैकी कोणीतरी आता म्हणेल. बाबांचा हा नियम टीव्हीला आणि भिंतीवरच्या घड्याळाला ठीक आहे. फर्मवेअरला तो नेहमी लागू पडत नाही. लेनोवो कंपनीच्या २०१७ ते २०१९ मधल्या काही थिंकपॅड लॅपटॉपमध्ये फर्मवेअरच्या दोषामुळे यूएसबी-सी हे छिद्र काही काळाने काम करेनासे होई. ज्यांचे छिद्र अजून ठणठणीत होते, त्यांनीही अपडेट बसवणे जरुरीचे होते. दुखणे आतल्या आत वाढत होते.

याहून गमतीदार, आणि भीतिदायकही, गोष्ट नोव्हेंबर २०१९ मधली आहे. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवले, की मोठ्या सर्व्हर संगणकांसाठी विकलेल्या आमच्या काही डिस्क ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. पडतील म्हणजे पडतीलच! ना डिस्क परत मिळेल, ना तिच्यावरची माहिती. त्याआधी नवे फर्मवेअर बसवा. आता वही घ्या आणि ३२,७६८ ला २४ ने भागा. ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास येतात का पाहा. (वर्ष ३६५ दिवसांचे धरा.) आणखी एक गंमत. १ घ्या, दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा. असे १५ वेळा केले की किती येतात? संगणकाची मोजदाद दोनाच्या पटीतच चालते. तेव्हा तास मोजण्यासाठी ठेवलेली जागा त्या आकड्याला भरून गेली असणार, असे आकड्यावरूनच ओळखता येते. या डिस्क शेवटच्या तासापर्यंत अगदी 'नीट चालत' होत्या बरं का!

तेव्हा 'आता' की 'नंतर' हे बटणाच्या आकारावरून ठरवायचे नाही. हे अपडेट कोणत्या दुखण्याचे औषध आहे, ते आधी वाचायचे. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या लॅपटॉपच्या मॉडेलपुढे त्या अपडेटची टीप असते. इंग्रजीत असते आणि रटाळही असते, पण पालकांनी सोबत बसून वाचावी. 'सुरक्षेतील गंभीर उणीव दूर केली' किंवा 'माहिती नष्ट होण्याचा दोष काढला' असे असेल, तर फार दिवस रेंगाळू नये. 'अमुक नव्या उपकरणाशी जुळवून घेतले' असे असेल आणि ते उपकरण तुमच्या घरी नसेलच, तर घाई कसली? दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. तेवढ्यात अपडेटमध्येच काही खोट असेल तर बहुधा बाहेर येते. ताईची परीक्षा चार दिवसांवर असेल तर मात्र औषध कितीही चांगले असो, माझे मत विचाराल तर पेपर संपेपर्यंत थांबा. आणि लॅपटॉप आईच्या ऑफिसचा असेल तर प्रश्नच मिटला. ते ऑफिसने ठरवायचे, तुम्ही नाही!

ईमेलमधून 'येथे टिचकी मारा आणि बायोस नवे करा' असे कोणी कळवले तर अजिबात ऐकू नका. फर्मवेअर घ्यायचे ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, तिच्याच प्रोग्राममधून किंवा विंडोजच्या अपडेटमधून. मॅक लॅपटॉपवर ते अ‍ॅपलच्या नेहमीच्या अपडेटबरोबरच येते.

बसवायचे ठरले, तर तयारी सत्यनारायणाच्या पूजेसारखी आधी करून ठेवायची, मध्येच उठायचे नाही. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर काढा. विंडोजच्या लॅपटॉपवर बिटलॉकर नावाचे कुलूप चालू आहे का ते पाहा. पुष्कळ घरांत ते चालू असते आणि कोणाला पत्ताही नसतो. फर्मवेअर बदलले की हे कुलूप कधी कधी संशयाने ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच कागदावर उतरवून कपाटात ठेवा. लॅपटॉपमध्येच नोंदवून ठेवाल, तर घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखे होईल!

आता विजेचे. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी कितीतरी घरांत लॅपटॉप आले. काही तर जुनेच विकत घेतलेले. आता त्यांच्या बॅटऱ्या थकल्या आहेत. चार्जर काढला की दोन मिनिटांत पडदा काळा! अशा लॅपटॉपला बॅटरी असून नसल्यासारखीच. पावसाळ्यात संध्याकाळी ढग गडगडत असताना आणि लाईट येते-जाते असताना त्यावर फर्मवेअर बसवू नये. बॅटरी चांगली असली तरी ती पूर्ण भरून, चार्जर लावून, सकाळच्या निवांत वेळी बसा.

अपडेट चालू झाले की पडदा काळा होईल, पंखा भणभणेल, लॅपटॉप आपणहून दोन-तीनदा बंद-चालू होईल. घाबरू नका. बटण दाबू नका, झाकण मिटू नका, आणि धाकट्या भावाला तिथून लांब ठेवा. खरेच बिनसले तरी काही लॅपटॉपमध्ये जुन्या फर्मवेअरची एक प्रत राखून ठेवलेली असते, तिच्यावरून ते सावरतात. काहींमध्ये मात्र ती सोय नसते. काही कंपन्या नव्यावरून जुन्या आवृत्तीकडे परतही जाऊ देत नाहीत. आपला लॅपटॉप कोणत्या जातीचा, हे चौकटीतले बटण दाबण्यापूर्वी विचारून घ्यायला हवे, नंतर नव्हे.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की आवाज, कॅमेरा आणि वाय-फाय चालतात का ते लगेच तपासा. मग नव्या आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीवाले काका पहिल्यांदा तेच विचारतात.