कायमचें काम, तात्पुरती नोकरी

रुग्णालयांतील रात्रपाळी वर्षाचे बाराही महिने चालते. पण ती करणाऱ्या परिचारिकेची नेमणूक मात्र पुष्कळ ठिकाणीं अकराच महिन्यांची असते. मुदत सरली कीं एक-दोन दिवसांचा खंड, आणि मग पुन्हां नवा करार! हा प्रकार कराराच्या कलमांत बसत असेल, पण न्यायांत बसत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. काम हंगामी असेल तर नोकरीही हंगामी असावी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रोग्याचें दुखणें हंगाम पाहून येतें काय?

अर्धवट नोकरीचें फळ काय, तें कॅनडानें साथीच्या दिवसांत अनुभविलें. तेथील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत पुष्कळ सेवकवर्ग अर्धवेळ. एका ठिकाणच्या वेतनांत पोट भरेना, म्हणून तो दोन-दोन ठिकाणीं राबे, आणि त्याच्याबरोबर संसर्गही फिरे. अखेर २०२० च्या मार्च महिन्यांत ब्रिटिश कोलंबियानें व एप्रिलमध्यें ऑन्टॅरिओनें, एका सेवकानें एकाच ठिकाणीं काम करावें, असा हुकूम काढला. जें शहाणपण तेथें मृत्यूनें शिकविलें, तें आपण विचारानें शिकूं नये काय?

आमच्या न्यायासनानें मार्ग दाखविला नाहीं, असेंही नाहीं. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीनें शिफारस केली कीं, खासगी रुग्णालयांत ५० हून कमी खाटा असल्या तरी परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावें, व २०० हून अधिक खाटा असल्यास तें सरकारी परिचारिकेइतकें असावें. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे! केवळ दीर्घ तात्पुरत्या सेवेनें कायमपणाचा हक्क मिळत नाहीं, या २००६ च्या उमादेवी निकालाची ढाल सरकारी खातीं पुढें करितात; परंतु वर्षानुवर्षें काम करून घेतलेल्यांस डावलण्यासाठीं त्या निकालाचा आधार घेऊं नये, असें त्याच न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें बजावलें आहे.

तिजोरींत पैसा नाहीं, हें उत्तर आम्हांस ऐकूं येतें. मग दर वर्षीं अनुभवी हात गमावून नवख्या हातांस पुन्हां पहिल्यापासून शिकविण्याचा खर्च कोणाच्या खातीं मांडावयाचा? कीं तो रोग्यानें सोसावयाचा?

आमची मागणी एवढीच: मंजूर जागा कायम नेमणुकीनें भराव्या, त्या भरतांना वर्षानुवर्षें करारावर राबलेल्यांस वयाची अट शिथिल करून अग्रहक्क द्यावा, आणि समितीच्या शिफारशीस कायद्याचें बळ द्यावें. साथींत जिच्यासाठीं आम्हीं टाळ्या वाजविल्या, तिला टाळ्या नकोत. तिला पूर्ण वेळाची, पूर्ण वेतनाची नोकरी हवी.