न चालणाऱ्या ओळींचं भाडं

ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीत शेडर, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारे छोटे प्रोग्राम, लिहायला शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी उणे एकपाशी अडतो. शेडरमध्ये त्याने दिव्याच्या रंगासाठी एक युनिफॉर्म, म्हणजे बाहेरून पुरवायची किंमत, रीतसर जाहीर केलेली असते. मुख्य प्रोग्राममधून तिची जागा विचारली की उत्तर येतं −१, म्हणजे अशी किंमत इथे नाही. फाइल उघडावी तर ओळ जागच्या जागी. झालेलं असतं इतकंच, की तो रंग वापरणारी पुढची ओळ मधे कधीतरी गाळली गेली. आता हा रंग एकाही पिक्सेलपर्यंत पोहोचत नाही हे कंपायलरने ओळखलं आणि तो काढून टाकला.

ही कठोरता आकड्यांतून समजते. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला साठ चित्रं काढायची, तर रंग ठरवणारा फ्रॅगमेंट शेडर प्रत्येक पिक्सेलसाठी एकदाच चालला तरी सेकंदाला १२ कोटी ४४ लाख वेळा चालतो. त्यात राहिलेला एक निरुपयोगी गुणाकारही तितक्याच वेळा होतो.

अशा निरुपयोगी ओळींचा शोध शेवटाकडून सुरुवातीकडे चालतो. ज्यांचा परिणाम बाहेर दिसतो तेवढ्याच गोष्टी कंपायलर आधी जिवंत धरतो: पिक्सेलचा रंग, त्याची खोली, मेमरीत लिहिलेली किंमत, पिक्सेल टाकून देण्याची आज्ञा. मग या गोष्टींना काय लागतं, त्याला पुन्हा काय लागतं, असं मागे मागे जायचं. जिथे हा माग पोहोचत नाही ते सगळं मृत. ग्राफिक्समध्ये हा माग एका शेडरची हद्द ओलांडतो. त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर चालणारा व्हर्टेक्स शेडर पुढच्या शेडरला चार किमती देत असेल आणि पुढचा त्यांतल्या तीनच वाचत असेल, तर दोघांना जोडताना चौथी आणि तिच्यासाठी केलेलं सगळं गणित मागच्या शेडरमधूनही जातं.

ही विद्या ग्राफिक्स प्रोसेसरपेक्षा जुनी आहे. आयबीएममध्ये फ्रान्सिस ॲलन आणि जॉन कॉक यांनी १९७१ च्या सुमारास कंपायलरच्या सुधारणांची जी सूची मांडली, तिच्यात मृत कोड काढणं होतंच. १९९१ मध्ये रॉन सायट्रन आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी, प्रत्येक नावाला एकदाच किंमत मिळेल अशी प्रोग्रामची मांडणी झपाट्याने कशी करायची ते दाखवलं, आणि हा माग काढणं फार सोपं झालं. एलएलव्हीएम हा कंपायलर-संच त्याच मांडणीवर उभा आहे. तो इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी विक्रम आडवे यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू केला. आडवे पवईच्या आयआयटीचे पदवीधर. एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीचा कंपायलर २०१२ पासून एलएलव्हीएमवर आधारलेला आहे. पवईतच उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. कोणती किंमत कुठवर जिवंत आहे हा त्यातला एक पायाभूत प्रश्न आहे. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा.

खरी अडचण पुढे आहे. साध्या प्रोसेसरवर कधीच न घेतली जाणारी शाखा, म्हणजे अट खरी झाली तरच चालणाऱ्या ओळी, बहुधा नुसती पडून राहते. ग्राफिक्स प्रोसेसरवर तसं होत नाही. एनव्हिडियाच्या एच१०० या चिपमध्ये प्रत्येक गणनविभागात ६५,५३६ रजिस्टर, म्हणजे चालू किमती ठेवायच्या जागा, असतात आणि तिथे एका वेळी जास्तीत जास्त २,०४८ थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, राहू शकतात. म्हणजे पूर्ण भरणा हवा असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ रजिस्टर. कर्नलला, म्हणजे हे थ्रेड चालवतात त्या प्रोग्रामला, किती रजिस्टर लागतील हे कंपायलर आधीच ठरवतो, तेही त्यातल्या सर्वांत खादाड वाटेवरून. पाचशे पानांचा हॉल घेतला की शंभर पाहुणे आले तरी भाडं पाचशेंचं द्यावं लागतं, तसंच हे. एका दुर्मीळ शाखेला ६४ रजिस्टर लागत असतील, तर ती कधीही न चालता थ्रेडची संख्या १,०२४ वर येते. मग मेमरीची वाट पाहण्यात जाणारा वेळ झाकायला पुरेसे थ्रेड उरत नाहीत.

अशी शाखा कंपायलर का काढत नाही? कारण तिची अट बाहेरून येणाऱ्या किमतीवर असते. सावल्या हव्यात की नकोत, हे युनिफॉर्म सांगणार. कंपायलरला ते आधी कळणं शक्य नाही आणि पुराव्याशिवाय तो काही काढत नाही. म्हणून २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीत स्पेशलायझेशन कॉन्स्टंटची सोय आहे. पाइपलाइन, म्हणजे शेडरची जोडलेली साखळी, बांधतानाच किंमत पक्की सांगायची, म्हणजे नको ती शाखा तिथेच गळते. बदल्यात एकाच शेडरच्या शेकडो आवृत्त्या होऊ शकतात, आणि त्या बांधताना खेळ अडखळतो.

कंपायलरच्या याच अज्ञानाचा लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील ॲलिस्टर डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी सुंदर उपयोग केला. त्यांचं काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी चांगल्या शेडरमध्ये मुद्दाम मृत कोड घातला आणि त्याला अट लावली, ‘बाहेरून आलेली पहिली किंमत दुसरीपेक्षा मोठी असेल तर’. प्रत्यक्षात पुरवल्या शून्य आणि एक. अट कधीच खरी होणार नाही, पण कंपायलरला हे ठाऊक नाही. चित्र बदलायला नको. बदललं, तर दोष कंपायलरचा. प्रमुख ग्राफिक्स प्रोसेसर बनवणाऱ्या सगळ्यांच्याच ड्रायव्हरमधल्या कंपायलरमध्ये असे दोष निघाले. मला हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

आज मृत कोडचा मोठा ढीग मात्र शेडरमध्ये नाही, तो यंत्रशिक्षणाच्या लायब्ररींत आहे. एकच फाइल अनेक पिढ्यांच्या कार्डांवर चालावी म्हणून तिच्यात प्रत्येक पिढीसाठी वेगळा यंत्रकोड भरतात. तुमच्या संगणकात मात्र कार्ड एकाच पिढीचं. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये यंत्रशिक्षणाच्या चार चौकटी (फ्रेमवर्क) आणि त्यांच्या तीनशेहून अधिक लायब्ररी तपासल्या. ग्राफिक्स प्रोसेसरसाठीचा कोड ७५ टक्क्यांपर्यंत कमी करता आला.

पण ही छाटणी कंपायलरच्या छाटणीहून वेगळी आहे. दिलेलं काम चालवून पाहायचं, कोणते कर्नल वापरले गेले ते टिपायचं आणि उरलेले काढायचे. यात पुरावा नाही, निरीक्षण आहे. उद्या वेगळ्या आकाराचा मॅट्रिक्स आला आणि लायब्ररीने काढून टाकलेला कर्नल मागितला, तर काम तिथेच थांबेल. एकच मॉडेल वर्षभर चालवणाऱ्या सर्व्हरवर ही जोखीम घ्यायला हरकत नाही. आपल्याकडे नसलेल्या पिढ्यांचा कोड एनव्हीप्रून या साधनाने काढणंही सुरक्षित आहे, कारण तो आपल्या कार्डाला लागतच नाही. सर्वांसाठी असलेल्या लायब्ररीत मात्र कोड फाइलीत राहू द्यावा आणि कर्नल पहिल्यांदा लागेल तेव्हाच मेमरीत आणावा. कुडामध्ये २०२२ पासून ही सोय आहे, आणि तिथे मला तीच योग्य वाटते.