अकोल्याची मध्यान्ह आणि उपग्रहाचे घड्याळ

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. अकोला ७७ अंशांच्या आसपास. अंशामागे चार मिनिटे धरली, तर अकोल्यात सूर्य मध्यान्हीला येतो तो सरासरी १२ वाजून २२ मिनिटांनी. अमरावती पूर्वेला, तिथे तीनएक मिनिटे आधी. ही झाली सरासरी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून अकोल्याची मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२.०६ च्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.३६ ला.

मेच्या चौथ्या आठवड्यात वऱ्हाडात शून्य सावलीचा दिवस येतो. जुलैतही येतो, पण तेव्हा आभाळाचा भरवसा नाही. या दिवसांत एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली, तर मध्यान्हीच्या आसपास तिच्या टोकाची सावली मिनिटाला सुमारे चार मिलिमीटर सरकते. सावलीची कड मात्र सुमारे नऊ मिलिमीटर धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणजे दोन मिनिटांची संदिग्धता तिथेच आली. काठी उंच करून फायदा नाही: सावली वेगाने सरकते, पण कडही तेवढीच पसरते. अकोला-अमरावतीतला फरक अशा काठीने जेमतेम कळतो.

हीच वेळ दिशादर्शक उपग्रहांकडून घ्यायची, तर हिशेब नॅनोसेकंदांचा असतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. ग्राहकयंत्राचे स्वतःचे घड्याळ साधे असते, म्हणून स्थानाच्या तीन अज्ञातांबरोबर वेळेचे चौथे अज्ञात सोडवायला किमान चार उपग्रह लागतात. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चूक तशीच राहू दिली, तर अंतरात दिवसाकाठी ११ किलोमीटरची तफावत पडेल.

घड्याळच बंद पडले तर वर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीतील आयआरएनएसएस-१ए उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये प्रक्षेपणातच गमावला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पाठवावा लागला. मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

संदेशाच्या वाटेतले वऱ्हाडावरचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तोही सोपा नाही. विषुववृत्ताजवळ उचललेले इलेक्ट्रॉन उत्तरेला मध्य भारतावर दाटतात आणि दुपारी संदेशाला कित्येक नॅनोसेकंदांचा उशीर लावतात. हा विलंब वारंवारतेनुसार बदलतो, म्हणून दोन वारंवारतांचे संदेश ताडून तो काढता येतो. उरते ती छतावरची वायर: अँटेनापासून यंत्रापर्यंत मीटरमागे सुमारे पाच नॅनोसेकंद, वीस मीटरला शंभर. ते हाताने मोजून वजा करावे लागतात.